गोधडीतली भाकर

आमच्या घरी बाप्तिस्म्याच्या दोन तारखा सांगायची पद्धत होती. आजीला कुणी विचारलं, "तुमच्या आईंचा बाप्तिस्मा कधीचा?" तर ती उलट विचारी, "पाण्याचा, की मनाचा?" पाण्याचा झाला तेव्हा पणजी नऊ-दहा वर्षांची असेल. त्यातलं तिला फक्त नव्या कपड्यांचं अप्रूप आठवत होतं. मनाचा झाला 1905 साली, केडगावला. ती गोष्ट आजी सांगायला बसली की स्वयंपाकघरातल्या बायाही हात पुसत बाहेर येत.

पणजी दुष्काळातली पोर. नर्मदेकाठच्या कुठल्याशा खेड्यातली, पण गावाचं नाव तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. बाप आधी गेला, आई रस्त्यात गेली. धाकटा भाऊ हिच्या कडेवर होता. तो कडेवरच गेला, आणि ते हिला बऱ्याच वेळानं कळलं. एवढं सांगून आजी पुढे सरके. त्या भागाबद्दल कुणी काही विचारत नसे.

मध्यप्रांतातला हा 1896-97 चा दुष्काळ. बातमी ऐकून पंडिता रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी छावण्यांमधून हिंडल्या, निराधार पोरींची तिथं काय गत होते ते डोळ्यांनी पाहिलं, आणि सुमारे 300 मुली-बायका घेऊन परतल्या. पुण्यात त्या वेळी प्लेग. शहरात एवढ्या जणींना ठेवायला परवानगी नव्हती. शारदा सदन या आपल्या पुण्यातल्या शाळेला थोडं उत्पन्न व्हावं म्हणून बाईंनी पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली होती. तिथं घाईनं छपरं उभारली आणि मुली उतरवल्या. मुक्ती सदन असं उभं राहिलं.

लोक विचारत, दुष्काळातली हाडं गोळा करायला ही बाई इतक्या लांब का जाते? आजीकडे उत्तर तयार असे: "कारण ती त्यांच्यातलीच होती." रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी समाजाचा रोष पत्करला. पुढे पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरले. 1874 मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण तिघंही उपासमारीनं गेली. आई वारली तेव्हा खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात. कशीबशी दोन मिळाली. तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी सोळा वर्षांची रमा. ती ठेंगणी, तिरडी खांद्यावर घेऊन ओझं सारखं होईना, म्हणून तिनं आपली बाजू डोक्यावर घेतली. स्मशान कोसभर लांब. आमच्या आजीला हा प्रसंग बायबलातल्या कुठल्याही कथेइतका पाठ होता, आणि सांगताना तिचा हात आपोआप डोक्याकडे जाई.

केडगावला दोन वेळचं जेवण मिळू लागलं, तरी पणजी प्रत्येक जेवणातला चतकोर लपवी. बाप्तिस्मा झाला, प्रभूची प्रार्थना तोंडपाठ झाली, अक्षर आलं, छापखान्यात खिळे जुळवायला शिकली, लपवणं सुटलं नाही. गोधडीच्या कडेची शिवण उसवायची, आत तुकडे भरायचे, वरून परत टाके घालायचे. भाकर वाळून खडा होई. मुंग्या लागत. झोपताना कुशीखाली टोचे, आणि ते टोचलं की तिला बरं वाटे, मगच झोप येई. देखरेखीच्या बायकांच्या हे ध्यानात आलं होतं. रागावून उपयोग झाला नाही. रविवारी उपासनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" म्हणणारी तीच पोर सोमवारी उद्याची भाकर गोधडीत शिवत होती.

या आठ वर्षांकडे बघितलं की मला खुद्द रमाबाईंची आठ वर्षं आठवतात. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात चालवलेलं पतित स्त्रियांसाठीचं घर त्यांनी पाहिलं होतं. ज्यांना आपल्याकडे उंबऱ्यावर उभं करत नाहीत त्यांना इथं जवळ घेतात, हे पाहून त्या हलल्या. योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्री त्यांना तिथं भेटली. धर्म पटला, बुद्धीनं स्वीकारला, आणि पुढे सगळं रीतसर चाललं. अमेरिकेत व्याख्यानं झाली, 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक आलं, 11 मार्च 1889 रोजी मुंबईला शारदा सदन उघडलं, पुढे ते पुण्याला नेलं. बाहेरून बघणाऱ्याला काही कमी दिसलं नसतं. स्वतः त्यांनी मात्र पुढे साक्ष लिहिताना सरळ सांगितलं की त्या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, धर्म देणारा ख्रिस्त मिळाला नव्हता. 1891 च्या सुमारास विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मवृत्त त्यांच्या हाती आलं. हा माणूस दीक्षा घेऊन कित्येक वर्षं प्रवचनं देत होता आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यावर बदलला. ते वाचताना बाईंना आपली जागा कळली. आपण चांगल्या कामाचं बळ घेऊन देवासमोर उभ्या आहोत, रिकाम्या हातांनी नाही, हे त्यांना लख्ख दिसलं.

अठरा हजार श्लोकांचं भागवत मुखोद्गत असलेली, 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई. तिनं "मला यातलं काही येत नाही, तूच तार" म्हणणं सोपं नव्हतं. ज्याच्याजवळ काही नाही त्यानं शरण जावं यात नवल ते काय! जिच्याजवळ इतकं होतं तिनं ते बाजूला ठेवलं, हे मला फार मोठं वाटतं.

आता 1905. जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज सकाळी जमून आत्म्याच्या वर्षावासाठी प्रार्थना कोण करील? पहिल्यांदा 70 जणी आल्या. जूनपर्यंत आकडा 550 वर गेला. महिन्याच्या अखेरीस जे झालं त्याला आमची मंडळी अजून 'केडगावचं संजीवन' म्हणतात. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत, रडत, आपली पापं कबूल करत. आवाज शेताच्या बांधापलीकडे जाई. काही मिशनऱ्यांनीही तेव्हा नाकं मुरडली, याला भावनेचा उन्माद म्हटलं. मी त्यांना दोष देत नाही. रडण्यावरून काहीच ठरत नाही, हे माझंही मत आहे. मात्र त्या मुलींनी नंतर काय केलं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी निकाल द्यायची घाई केली, असं मला वाटतं.

पणजीला रडू आलंच नाही. भोवती सगळ्या हुंदके देत होत्या आणि ही कोरडीठाक बसली होती. आजी हे आवर्जून सांगे, कारण पुढे आमच्यापैकी कुणी "मला प्रार्थनेत काहीच वाटत नाही" म्हणालं की हाच दाखला निघे. त्या रात्री पणजी झोपायला गेली, कुशीखाली तुकडे टोचले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिला त्याची लाज वाटली. कंदिलाच्या उजेडात तिनं शिवण उसवली. ओटीभर वाळके तुकडे निघाले. सकाळी ते घेऊन ती देखरेखीच्या बाईंकडे गेली, म्हणाली, "हे माझं होतं, आता नको." बाईंनी काही विचारलं नाही. तुकडे भिजवून बैलांच्या दाणवणीत घातले. "उद्याचं आता तू बघ," एवढीच पणजीची प्रार्थना. आमच्या घराण्याच्या ख्रिस्ती श्रद्धेची सुरुवात आम्ही तिथून मोजतो.

त्यानंतर ती संत झाली असं समजू नका. जीभ शेवटपर्यंत तिखट होती, सुनांना तिचा धाक होता. बदललं ते एकच, पण मुळापासून: साठवणं गेलं. पुढे स्वतःच्या संसारात, दोन पोरं आणि तुटपुंजा पगार असताना, दारी आलेला कुणी उपाशी परतला नाही. कुणी म्हणालं, "अगं, उद्याला ठेव काही," तर म्हणे, "उद्याचं मी देऊन टाकलंय." भूक जिच्या हाडात मुरलेली होती तिनं हे म्हणणं म्हणजे काय, हे कळायला मला स्वतःला मुलं व्हावी लागली.

रमाबाईंच्या शरणागतीची दुसरी बाजू मात्र आमच्या मंडळ्यांतून फारशी सांगितली जात नाही, आणि ती मला सांगायची आहे. ही बाई देवापुढे वाकली, पण माणसांपुढे वाकली नाही. वाँटेजच्या भगिनींशी आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी ख्रिस्ती तत्त्वांवरून पत्रांतून कडाडून वाद घातले. एका पुरोहितशाहीच्या जुवाखालून सुटून लगेच दुसऱ्या जुवात मान घालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. इकडे पुण्यात 1893 मध्ये शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ उठला. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या, 'केसरी'नं झोड उठवली. बाईंनी प्रार्थनेच्या खोलीचं दार बंद केलं नाही आणि कुणा मुलीला आत ओढलंही नाही. 1897 मध्ये प्लेगच्या इस्पितळातल्या गैरव्यवस्थेवर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा खुद्द मुंबई सरकार अडचणीत आलं. गोऱ्यांच्या मदतीवर संस्था चालत होती, सरकारही गोऱ्यांचं होतं, पण पत्र लिहिताना हात अडखळला नाही.

आणि शेवटी संस्कृत. बायबलचं तेव्हाचं मराठी भाषांतर केडगावच्या अडाणी बायकांना कळत नाही हे त्यांना रोज दिसत होतं. म्हणून हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून आयुष्याची शेवटची दीड दशकं त्यांनी साध्या मराठीत सगळं बायबल आणायला दिली. जड संस्कृत शब्द निवडून काढून टाकायचे, आणि काढणारी कोण, तर संस्कृत जिच्या रक्तात होतं ती. खिळे जुळवणाऱ्या मुलीही मुक्ती सदनातल्याच, त्यांत आमची पणजी. लग्नानंतरही ती छापखान्यात जात असे. बोटांची टोकं शिशानं कायमची काळी. उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय की समोर बसलेल्याच्या हातातलं पुस्तक ती पलीकडून, उलट्या बाजूनं, न अडखळता वाचून दाखवी. शाळकरी आजीला त्याचं फार कौतुक. पणजी सांगे, एखादा शब्द आम्हा पोरींना कळला नाही तर तो कच्चा, बाई तो परत घडवत.

24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई गेल्या. रमाबाईंची एकुलती लेक, आईचा उजवा हात, संस्थेची ठरलेली वारस. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवायला त्यांनीच सुरुवात केली होती. रमाबाई खचल्या नाहीत असं मी लिहिणार नाही. पोटची पोर जाते तेव्हा आई खचतेच. पण मुद्रितं तपासायचं काम थांबलं नाही. केडगावची जुनी माणसं सांगत की आजारपण बळावलं तेव्हा बाईंनी देवाकडे आणखी दहा दिवस मागून घेतले, काम पुरं केलं आणि दहाव्या दिवशी डोळे मिटले. ही कथा आजीनंही तशीच सांगितली, मीही तशीच सांगते. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते 1924 मध्ये. आपलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. त्याचं दुःख त्यांना झालं असतं असं आजीला कधी वाटलं नाही.

आज आमच्याकडे समर्पणावर पुष्कळ बोललं जातं. व्यासपीठावरून, रात्रीच्या सभांतून, मोबाईलवरून. ऐकताना कधी कधी असं जाणवतं की देवाला शरण जा म्हणताना बोलणाऱ्याला आपल्यालाच शरण या असं म्हणायचं आहे. बायांनी तोंड उघडू नये, तरुणांनी प्रश्न विचारू नयेत, हिशेब मागू नयेत, आणि या सगळ्याला नाव समर्पणाचं. केडगावच्या बाईंनी असं समर्पण ना स्वतः केलं, ना आपल्या मुलींकडून मागितलं. पणजीच्या गोधडीत काय आहे हे त्यांच्या माणसांना ठाऊक होतं, तरी आठ वर्षं कुणी ती गोधडी हिसकावली नाही. शिवण तिनं आपल्या हातानं उसवली.

म्हणून माझी विनंती पाळकांना आहे, आणि मंडळीत पुढे बसणाऱ्या सगळ्यांनाच. समर्पणावर उपदेश करण्याआधी रमाबाईंनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलेली स्वतःची साक्ष वाचा. छोटीशीच आहे, एका बैठकीत वाचून होते. आणि ती मंडळीतल्या बायकांनाही वाचायला द्या.