दुसऱ्या क्रमांकाची कुस्ती : न झालेल्या दोन हंगामांचा इतिहास

महाराष्ट्रातील कुस्तीचा इतिहास लिहायला घेतला, की तो बहुधा यादीच्या रूपाने उतरतो. १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ साली औरंगाबादच्या अधिवेशनात दिनकर दह्यारी पहिले 'महाराष्ट्र केसरी' ठरले आणि तेथून एकेका वर्षासमोर एकेक नाव मांडत ही यादी आजपर्यंत येते. सोलापूर जिल्ह्याला त्या यादीत मानाची जागा आहे. २०१८ साली करमाळा तालुक्यातील बाला रफिक शेख आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मोहोळचा सिकंदर शेख यांनी ही गदा जिल्ह्यात आणली. यादी खोटी नाही. परंतु एका गदेमागे जे शेकडो मल्ल वर्षभर माती अंगाला लावून घेतात, त्यांचे काय झाले, हे यादी सांगत नाही. तिचे ते कामही नव्हे. वाङ्मयेतिहासाच्या अध्यापकांना ही अडचण परिचित आहे. पाच-सहा कवींची नावे घेऊन आपण एक कालखंड संपवतो आणि ज्यांच्या लिहिण्यामुळे त्या काळी नियतकालिके चालत होती, ते सारे 'इतर' या सदरात जातात. प्रस्तुत लेखात आम्हाला कुस्तीतील या 'इतरां'विषयी, आणि विशेषतः त्यांच्या दोन अशा हंगामांविषयी लिहायचे आहे, की जे झालेच नाहीत.

प्रथम शीर्षकातील 'क्रमांक' या शब्दाचा खुलासा करायला हवा. गावच्या यात्रेतील कुस्त्यांची जाहिरात पाहिली, तर तिच्यावर कुस्त्यांची उतरंड रचलेली दिसते. सर्वांत वर पहिल्या क्रमांकाची कुस्ती. तिच्यातील दोघांची छायाचित्रे मोठी, नावे ठळक, आणि इनामाचा आकडा त्याहून ठळक. खाली दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकाच्या जोडी. छायाचित्रे लहान होत जातात, मग छायाचित्रे संपून केवळ नावे उरतात, आणि शेवटी नावेही संपून 'इतर कुस्त्या मैदानात जोडल्या जातील' अशा अर्थाची एक ओळ येते. प्रत्यक्ष मैदानात हाच क्रम उलटा होतो. दुपारी लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर वा नारळावर सुरू होतात, आकडा हळूहळू चढत जातो आणि पहिल्या क्रमांकाची कुस्ती दिवस मावळताना वा दिव्यांच्या उजेडात होते. व्यवहारातल्या मराठीत 'दोन नंबरचा' म्हणजे लबाडीचा. मैदानात मात्र दोन नंबर ही कमावलेली पायरी असते. त्या पायरीवरचा मल्ल तालमीत पाच-सात वर्षे घालवलेला असतो, चार तालुक्यांत त्याचे नाव ठाऊक असते, आणि पाचव्या तालुक्यात कोणी ओळखत नाही. त्याचा चरितार्थ मात्र कुस्तीवरच असतो. या अर्थाने तो पुरता व्यावसायिक खेळाडू होय. फक्त त्याच्या व्यवसायाला कोणी 'लीग' म्हटलेले नाही.

या मंडळींचा हंगाम समजून घ्यायला दक्षिण सोलापूर तालुका ही चांगली जागा आहे. सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंद्रूप लागते. पुढे भीमा, आणि भीमेपलीकडे कर्नाटक. येथे घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, हा नेहमीचा व्यवहार आहे. कुस्तीने तर ही सीमा कधीच मानली नाही. अलीकडे जी तालीम, तीच पलीकडे 'गरडी मने'. पण जाहिरातीवरील 'जंगी निकाली कुस्ती' हे शब्द कन्नड लिपीतही तसेच्या तसे छापलेले आढळतात. शब्दांची ही सरमिसळ पाहण्यासारखी आहे. कुस्ती, पहिलवान, जंगी हे फारसीतून आले. तालीम, इनाम अरबीतून. उस्तादाचा मराठीने वस्ताद केला. आखाडा मात्र 'अक्षवाट' या संस्कृत शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आला. सलामी झडते ती हलगीवर, आणि निवाडा करतो तो पंच. एका मैदानाच्या शब्दसंग्रहात दख्खनचा हजार वर्षांचा इतिहास असा एकत्र बसलेला आहे.

हजार वर्षे हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. याच तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे, आणि तेथील शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख मराठीच्या आरंभीच्या लेखांपैकी एक म्हणून अभ्यासक्रमात शिकवला जातो. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, ११२९च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' सिद्ध केला. मराठीचे अध्यापक हा ग्रंथ त्यातील प्राचीन मराठी पदांसाठी उघडतात. त्याच ग्रंथातील मल्लविनोदाचे प्रकरण मात्र सहसा वाचले जात नाही. सोमेश्वराने मल्लांच्या तीन प्रती सांगितल्या आहेत : ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल. वयानुसार आणखी भेद आहेत. वाढीला लागलेला तो भविष्णू, पूर्ण वाढलेला तो प्ररूढ. त्यांच्या आहाराची व्यवस्था राजाने करावयाची आहे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की मधल्या प्रतीला येथे स्वतंत्र नाव आहे. अंतरज्येष्ठिक हा ज्येष्ठिक होऊ न शकलेला मल्ल म्हणून उल्लेखिला जात नाही. ती एक प्रत आहे आणि तिचे पोषण करणे हे राज्याचे काम आहे. आमच्या जाहिरातीवरील दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा मल्ल हा त्या अंतरज्येष्ठिकाचाच वंशज, असे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही. फरक इतकाच, की त्याच्या खुराकाचा राजा आता गावची यात्रा कमिटी आहे.

राजाचे हे काम चालते कसे? गुढीपाडव्यानंतर यात्रांचा मुख्य हंगाम सुरू होतो आणि मृगाच्या पावसापर्यंत चालतो. रब्बीची रास झालेली असते, शेते मोकळी असतात, माणसांच्या हाती चार पैसे आणि वेळ असतो. गाव वर्गणी काढते. एखादी कुस्ती कोणी वडिलांच्या स्मरणार्थ लावते, एखादी साखर कारखान्याचा संचालक, एखादी गावातलाच पण पुण्या-मुंबईत स्थिरावलेला कोणी. मल्ल आज या गावी, परवा त्या गावी, असे अडीच-तीन महिने फिरतो. जिंकला तर पूर्ण इनाम, बरोबरीत सुटली तर बहुधा निम्मे. या फिरतीत जे हाती येते, त्यावर वर्षाचे दूध, तूप, बदाम, मटण आणि तालमीतला मुक्काम भागवायचा. इतर महिन्यांतही काही यात्रा होतात, नागपंचमीच्या कुस्त्या होतात. पण ती वरकड मिळकत. पीक चैत्र-वैशाखातच येते. दुखापत झाली, गुडघा फिरला, तर ते वर्ष गेले. येथे पगार नाही, करार नाही आणि बदली खेळाडूही नाही.

या हंगामाचा गुणफलक कोठेही ठेवला जात नाही. गादीवरील कुस्तीला वजनगट असतात, मिनिटे असतात, गुण असतात, म्हणून तिची नोंद उरते. मातीवरील जोड वस्तादांच्या आणि जाणत्यांच्या नजरेने लागते. पाठ टेकली की निकाल, आणि निकाल लागेपर्यंत घिस्सा, ढाक, धोबीपछाड, कलाजंग यांची जी देवाणघेवाण झाली, ती पाहणाऱ्यांच्या तोंडी राहते. जाहिरात हा एकमेव लेखी पुरावा, तोही कुस्तीपूर्वीचा. कोण लढणार, हे तो सांगतो. कोण जिंकले, हे सांगत नाही. यात्रा संपली की तो भिंतीवरच उन्हापावसात विरतो.

म्हणूनच हा हंगाम किती मोठा होता, हे तो झाला नाही तेव्हाच कळले. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता. आदल्या रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून ती लागू झाली. म्हणजे ज्या दिवशी हंगाम उघडायचा, नेमक्या त्याच दिवशी देश बंद झाला. यात्रा रद्द झाल्या, पालख्या देवळातच राहिल्या, आखाड्याची माती खणली गेली नाही. तालमी रिकाम्या झाल्या आणि मुले आपापल्या गावी परतली. २०२१ साली पाडवा १३ एप्रिलला होता. त्याच संध्याकाळी राज्यात कडक निर्बंध जाहीर झाले आणि दुसऱ्या रात्री आठपासून अमलात आले. योगायोग एकदा घडला तर त्याची गोष्ट होते. दुसऱ्यांदा घडला तर त्याचे नुकसान मोजावे लागते.

मोजणीही फार अवघड नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मोठ्या कुस्त्यांत उतरलेला मल्ल तिशीच्या आसपास मातीबाहेर येतो. उणेपुरे बारा हंगाम. त्यांतले दोन गेले, म्हणजे आयुष्याच्या कमाईचा सहावा हिस्सा गेला. पण हा हिशेबही अपुरा आहे. पहिल्या क्रमांकाच्या मल्लामागे नाव असते. त्याला नोकरीची आशा असते, कोणी ना कोणी पाठीराखा मिळतो. लहान मुलाला घर असते. मधला मात्र उघडा पडतो. खुराक तुटला की शरीर उतरते, शरीर उतरले की जोड खालची लागते, जोड खालची लागली की इनाम कमी होते आणि खुराक आणखी तुटतो. या उतारावरून कित्येक जण शेतमजुरीला, कारखान्यांत, वाहनांवर गेले. निर्बंध उठल्यावर त्यांतले सगळे परतले नाहीत. सोमेश्वराच्या भाषेत सांगायचे तर ज्या वयात भविष्णूचा प्ररूढ व्हायचा, ती दोन वर्षेच कोरी राहिली.

यादीवर या साऱ्याची खूण केवळ एका रिकाम्या जागेएवढी आहे. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात हर्षवर्धन सदगीर याने शैलेश शेळके याच्यावर मात करून गदा घेतली. त्यानंतरची स्पर्धा झाली ती एकदम एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात, आणि ती पृथ्वीराज पाटील याने जिंकली. दोन नावांमधले अंतर वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते. ३१ मार्च २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने उरलेले निर्बंध उठविण्याचा निर्णय घेतला. पाडवा २ एप्रिलला होता. यात्रा पुन्हा भरल्या. काही ठिकाणी मुलींच्या कुस्त्याही जाहिरातीवर दिसू लागल्या, आणि मार्च २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. मंगळवेढा तालुक्यातील शिरसीचा महेंद्र गायकवाड जानेवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२५ अशा दोन अंतिम लढतींत पोचला आणि दोन्ही वेळा उपविजेता ठरला. इतक्या उंचीवरचा मल्लदेखील यादीच्या रकान्यात बसत नाही, हे येथे नोंदवून ठेवायला हवे.

या हंगामाकडे केवळ हळव्या नजरेने पाहणे मात्र आम्हाला मान्य नाही. जाहिरातीवर 'निकाली' हा शब्द इतक्या मोठ्या अक्षरांत छापावा लागतो, याचे कारण निकाली नसलेल्या कुस्त्याही पुष्कळ होतात. दोघांनी आधीच ठरवून, अंगाला अंग लावून वेळ काढायचा आणि इनाम वाटून घ्यायचे, याला 'नुरा कुस्ती' असे नाव आहे. आणि ज्याला नाव आहे ते क्वचित घडणारे नसते. हा दोष मधल्या क्रमांकांत अधिक दिसतो, हेही खरे. परंतु परवाच्या गावी लढायचे असताना आज खांदा निखळू देणे ज्याला परवडत नाही, त्याच्या सावधपणाला निव्वळ लबाडी म्हणणे सोपे असले, तरी पुरेसे नाही. ज्याच्या पाठीशी वर्षभराची सोय असते, त्यालाच प्रत्येक कुस्ती निकाली लढता येते. मल्लाच्या आहाराची तजवीज आधी आणि त्याच्याकडून पराक्रमाची अपेक्षा नंतर, हा बाराव्या शतकातील क्रम आम्हाला अधिक वास्तव वाटतो.

राहिला प्रश्न इतिहासलेखनाचा. शिलालेखाचा एक लाभ असतो. तो दगडावर असतो. कुडलच्या लेखाची शेवटची ओळ तर वाचणाऱ्याला विजयाचे आश्वासन देते, आणि आनंद कुंभार यांच्यासारख्या सोलापूरच्या संशोधकाने ती वाचली म्हणून आज आपण ती शिकवतो. जाहिरातीचा कागद असे काही देत नाही. तरीही, आमच्या मते, मराठीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या यात्रेची एकेक जाहिरात जपून ठेवावी, तिच्यावरील प्रत्येक जोडीसमोर निकाल लिहावा आणि शक्य तेथे वस्तादांकडून तो पडताळून घ्यावा. भाषा, अर्थकारण, जातीपातीचे संबंध, सीमेपलीकडचा व्यवहार, हे सारे त्या एका कागदावर आहे. दहा वर्षांचे असे कागद जमले, तर दुसऱ्या क्रमांकाच्या कुस्तीचा पहिला इतिहास लिहिता येईल. २०२० आणि २०२१ या वर्षांसाठी त्या संग्रहात दोन कोरी पाने ठेवावी लागतील. ती गाळू नयेत, इतकेच आमचे म्हणणे आहे.