माहेरची तुळस



वर्धेच्या काठचे कौंडण्यपूर हे आपल्या रुक्मिणीआईचे माहेर. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातले हे गाव विदर्भराज भीष्मकाची राजधानी होते, अशी आपली श्रद्धा. १९६० च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा मातीखाली फार जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. राजवाडे गेले, वस्त्या गाडल्या गेल्या. मग या माहेराचे राहिले काय?

तुलाभाराची कथा आठवा. सत्यभामेचे सारे दागिने तागडीत पडले, तरी देवाचे पारडे हलेना. रुक्मिणीआईने एक तुळशीपत्र ठेवले आणि तोल झाला. भक्ती सोन्याहून जड, हे आपण कीर्तनात ऐकतोच. पण आणखी एक पाहा. सोने एकदा घडवले की पिढ्यान्‌पिढ्या पेटीत राहते. पानासाठी मात्र कोणीतरी रोप जगवावे लागते, रोज पाणी घालावे लागते.

कौंडण्यपूरहून आईची पालखी पंढरीला जाते. ही वारी सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये सुरू केली, असे परंपरा सांगते. त्या पहिल्या दिंडीतले पाय आज नाहीत आणि त्या वेळची तुळसही नाही. तुळस काही वर्षेच जगते. मात्र मंजुळा वाळतात, बी झडते, नवे रोप उगवते. वारीही अशीच टिकली: एकाने चालायचे आणि दुसऱ्याला वाट दाखवून जायचे.

म्हणून माउली, रोप नुसते पुजू नका, जगवा. मृगाच्या सरी आल्या की भुसभुशीत मातीवर बी भुरभुरा, वर मातीचा पातळ थर द्या. खोल पुरू नका. कुंडीच्या बुडाला भोक ठेवा, पाणी साचले तर मुळ्या कुजतात. मंजुळा वेळच्या वेळी खुडल्या की रोप फुटवे धरते. शेवटच्या काही मात्र बियाण्यासाठी वाळू द्या. वऱ्हाडातल्या वैशाखाच्या दुपारी तिला आडोसा करा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. रोप वाळलेच, तर खोड फेकू नका. आपल्या गळ्यातल्या माळेचे मणी त्याच लाकडाचे असतात.

आज अंगणे आटली, गॅलरीत प्लास्टिकची तुळस आली. तिला पाणी लागत नाही, हीच तिची उणीव. ज्याला आपली गरज नाही, त्याची सेवा कशी घडणार? डोक्यावर वृंदावन घेऊन चालणारी माउली कोणाच्या तरी रोजच्या सेवेचेच ओझे वाहत असते.

एवढे करा. लेक सासरी निघाली की पुडीत थोड्या मंजुळा बांधून द्या. दागिने पेटीत राहतील. माहेर तिच्या दारात उगवेल.