कोष्ट्याचा गरुड

विज्ञानकथेतील जी पात्रे वाचकाला, आणि त्याहून अधिक प्रेक्षकाला, स्वतःच्या अंगावर चढवून पाहावीशी वाटतात, त्यांत लढाऊ वैमानिकाचा मान पहिला असावा. १९७७ साली 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला आणि आडबाजूच्या ग्रहावरील शेतात वाढलेल्या ल्यूक स्कायवॉकरचे सोंग जगभरची मुले घेऊ लागली. एकट्याने यानात बसावे, शत्रूवर चालून जावे आणि आपल्या अंगी मुळात नसलेले बळ ऐन वेळी आपल्यात उतरावे, ही या सोंगाची गोडी. ही कल्पना सर्वस्वी पाश्चात्त्य आणि अगदी अलीकडची आहे, असे आपण गृहीत धरतो. प्राचीन भारतात विमाने होती की नव्हती, या वादाला आपल्याकडे एवढे तोंड फुटले, की कथेतल्या विमानात बसणारा माणूस कोण आणि तो कशासाठी बसला, हे विचारण्यास कोणास सवड झाली नाही.

हा माणूस एक कोष्टी होता. पंचतंत्राच्या 'मित्रभेद' या पहिल्या तंत्रात त्याची कथा येते. कोष्टी आणि सुतार हे जिवलग मित्र. उत्सवात राजकन्येला पाहून कोष्टी मूर्च्छित पडतो, तेव्हा सुतार त्याच्यासाठी लाकडाचा गरुड घडवतो. हा गरुड मंत्राने उडत नाही, खुंटी फिरवल्याने उडतो, आणि ती कशी फिरवायची याचा पाठ सुतार मित्राला देतो. जोडीला शंख, चक्र, गदा, पद्म आणि कौस्तुभ. कोष्टी विष्णू होऊन राजवाड्याच्या गच्चीवर उतरतो. राजकन्या देवाला वरते. इथवर ही ठकबाजीची कथा आहे. परंतु साक्षात विष्णू आपला जावई, या घमेंडीने राजा शेजारच्या राजांच्या सीमा ओलांडू लागतो, ते सारे एकत्र होऊन नगराला वेढा घालतात, आणि सासरा मुलीकरवी जावयाला निरोप धाडतो, की आता शत्रूचा संहार करावा.

लाकडी पाखरावरचा तो विणकर या वेळी काय करतो, यात कथेचे सारे मर्म आहे. खुंटी फिरवून पळून जाणे त्याच्या हाती असते. तो पळत नाही. पळालो तर ही स्त्री गेली. गेलो तर बहुधा मरण, पण कदाचित आपले रूप पाहूनच शत्रूचा धीर सुटेल, असा हिशेब करून तो आकाशात चढतो. तिकडे वैकुंठात खऱ्या विष्णूला चिंता पडते. हा कोष्टी मेला तर विष्णूच मारला गेला असे लोक म्हणतील आणि आपली पूजा बंद होईल! म्हणून विष्णू कोष्ट्याच्या देहात, गरुड लाकडी गरुडात आणि सुदर्शन लाकडी चक्रात प्रवेश करते. शत्रूचा पाडाव होतो. नंतर कोष्टी खाली उतरून राजाला सारे खरे सांगतो. देवाला भक्ताच्या सोंगाची लाज राखावी लागते, ही गंमत सांगणाऱ्या कथाकाराची मिस्किली आपल्या पुराणिकांना क्वचितच साधली आहे.

आकाशातल्या लढवय्याचा दुसरा पूर्वज वेताळाच्या कथांत आढळतो. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त ती कथा आहे, आणि वेताळपंचविशी मराठीत आल्यापासून आपल्या घराघरांत विक्रमाच्या खांद्यावरचे ते प्रेत बोलत आले आहे. सोमप्रभेला राक्षस पळवून नेतो. तिच्या तीन इच्छुक वरांपैकी ज्ञानी ती कोठे आहे ते सांगतो, विज्ञानी आकाशगामी रथ बनवतो, आणि शूर त्या रथातून जाऊन राक्षसाला मारतो. ती कोणाची? शूराची, असे राजाचे उत्तर. बाकीचे दोघे केवळ साधन होते. हा निवाडा मला कधीच पटलेला नाही. रथ नसता तर शूर कोठे जाऊन लढला असता? मात्र वैमानिकाला यंत्रज्ञापासून वेगळा काढून त्याच्या गळ्यात माळ घालण्याची जी रीत पुढे जगभर रूढ झाली, तिचा हा जुना दाखला आहे, हे नोंदवले पाहिजे.

वेताळाच्या कथा हिमालय ओलांडून गेल्या आणि परतल्या त्या वाटेने नव्हे. म्हैसूरहून मडिकेरीकडे जाताना सुमारे ऐंशी किलोमीटरवर, पिरियापट्टण तालुक्यात बैलकुप्पे हे गाव आहे. १९६० साली तेथे तिबेटी निर्वासितांची वसाहत वसू लागली. पुढे नामद्रोलिंग आणि सेरा हे मोठे विहार उभे राहिले. या लोकांच्या परंपरेत बोलक्या प्रेताच्या कथांचे स्वतंत्र चक्र आहे. विक्रमाच्या जागी तेथे एक राजपुत्र आहे आणि त्याला स्मशानात पाठवणारे आचार्य आहेत नागार्जुन. प्रेत वाहून आणताना तोंडून शब्द निघाला की ते परत जाते, हा नियम मात्र तोच. तिबेटी आणि मंगोल संग्रहांत येणारी सहा मित्रांची कथा वाचताना कोष्टी आणि शूर दोघेही आठवतात. श्रीमंताच्या मुलाची बायको राजा बळकावतो. सुतार लाकडी गरुड घडवतो, चितारी तो रंगवतो, आणि तो मुलगा आत बसून राजवाड्यावर घिरट्या घालतो. हे पाखरू वर वळवले तर वर जाते, खाली वळवले तर खाली. देवाचे पक्षी आले या समजुतीने राजा त्याला खाऊ घालण्यासाठी तिलाच गच्चीवर पाठवतो, आणि दोघे उडून जातात. पुढे ती कोणाची यावर सहाही मित्र भांडतात. येथे निवाडा नाही. त्या भांडणात तिचाच घात होतो आणि ऐकणाऱ्या राजपुत्राच्या तोंडून हळहळ बाहेर पडते. मौन सुटते ते बुद्धीच्या गर्वाने नव्हे, करुणेने. आपल्या वेताळाला ही जागा सापडली नव्हती.

बैलकुप्प्याला ही कथा सोंगाच्या जाणत्या समाजात येऊन राहिली आहे. तिबेटी नववर्षाच्या, लोसारच्या, सुमारास तेथील विहारांत मुखवटे घालून 'छाम' नृत्य होते. मुखवट्यामागचा भिक्षू तेवढ्या वेळापुरता ती देवता असतो. आपल्या दशावतारातला संकासुर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

याच म्हैसूर जिल्ह्यात, खुद्द म्हैसूर शहरात, या पात्राचे तिसरे रूप छापले गेले आणि त्याचे नशीब फार वेगळे निघाले. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात वेंकटाचल शर्मा यांना सांगून लिहविलेला 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ जी. आर. जोसयर यांनी १९७३ मध्ये इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. कर्तृत्व भरद्वाज ऋषींकडे दिलेले. यातील वैमानिकाला बत्तीस रहस्ये अवगत असावी लागतात. तो विमान अदृश्य करतो, ढगाचे रूप देतो, सापासारखे नागमोडी नेतो. शत्रूच्या विमानातील बोलणे ऐकतो, आतले चित्र मिळवतो, ते कोणत्या दिशेने येते आहे हे जाणतो, आणि त्यातील माणसांना बेशुद्ध करतो. त्याचे कपडे आणि ऋतुमानानुसार आहारही सांगितला आहे. ही यादी विलक्षण आहे. पहिले महायुद्ध नुकतेच आकाशात लढले गेले होते, त्या वर्षांत दक्षिणेतील एका संस्कृतज्ञाला पडलेले हे लढाऊ वैमानिकाचे स्वप्न आहे, आणि कल्पनासाहित्य म्हणून ते आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदवले जायला हवे होते.

तसे झाले नाही. ते शास्त्र म्हणून वाचले गेले. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी ग्रंथ तपासून तो १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातील विमाने उडण्यास अपात्र आहेत, असा निष्कर्ष काढला. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपद्यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली केलेली खटपट यशस्वी झाली नव्हती, हेही त्यांनी नोंदवले. तरीही तळपद्यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची आख्यायिका मराठी मनातून जात नाही, आणि २०१५ मध्ये मुंबईला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. विज्ञानाची यात हानी झाली हे अनेकांनी सांगितले. साहित्याची हानी झाली, ती कोणी मोजली नाही. पुरावा म्हणून वापरता वापरता बत्तीस रहस्यांच्या त्या वैमानिकाला ना नाव उरले, ना भय, ना घरी वाट पाहणारे कोणी. कोष्ट्याला मरणाची भीती होती. म्हणून त्याचे उड्डाण आजही वाचवते.

१९७४ हे साल मराठीत आणखी एका सोंगासाठी लक्षात राहिले आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखक होते कोणी नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी लिहून ते सोंग घडवलेले होते. नावाच्या वजनाने परीक्षकांचा तोल जाऊ नये, एवढाच हेतू. बक्षीस मिळाल्यावर जगताप खाली उतरले, आणि १९७९ साली 'यक्षांची देणगी' हा संग्रह नारळीकरांच्या स्वतःच्या नावाने आला.