पुतळ्यांची माळ

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या दागिन्यांची नावे त्यांच्या घडणीवरून पडली आहेत. बोरमाळेतला मणी बोरासारखा असतो, चिंचपेटीत पेट्या असतात, मण्यांचा एकच सर असेल तर ती एकदाणी. पुतळीच्या नावात मात्र एक चित्र आहे. सोन्याच्या गोल चकतीवर उभ्या आकृत्या दिसतात, म्हणून ती पुतळी. या आकृत्या कोणाच्या, हा प्रश्न मी गेली काही वर्षे घरोघरी विचारत आलो आहे. कोणी राम-सीता म्हणाले, कोणी विठ्ठल-रखुमाई, पुष्कळांनी लक्ष्मी सांगितली. सातारा जिल्ह्यातल्या एका आजींनी चकती डोळ्यांजवळ नेऊन सांगितले, "नवराबायको असतील हो, आणखी कोण?"

खरे उत्तर इतके दूरचे आहे की प्रथम ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. मूळ पुतळीवर जो उभा आहे तो सेंट मार्क, म्हणजे इटलीतल्या व्हेनिस शहराचा संरक्षक संत. त्याच्यासमोर गुडघे टेकून निशाणाची काठी धरणारा तिथला निवडून आलेला राज्यप्रमुख, ज्याला ते लोक 'डोजे' म्हणत. दुसऱ्या बाजूला लांबट अंडाकृती चौकटीत ताऱ्यांच्या मधोमध उभा असलेला येशू ख्रिस्त. व्हेनिसच्या टांकसाळीने हे नाणे १२८४ मध्ये पाडायला सुरुवात केली. वजन साडेतीन ग्रॅमच्या किंचित वर, आणि सोने त्या काळी साधता येईल तितके शुद्ध, शेकडा साडेनव्व्याण्णवच्या आसपास. त्यानंतर पाचशे वर्षांहून अधिक काळ, १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक संपवीपर्यंत, डोजे बदलले की नाव तेवढे बदलत गेले. वजन, कस आणि चित्र तेच राहिले. या नाण्याला युरोपात डुकाट म्हणत. नाण्यावरच्या लॅटिन ओळीत 'हे ड्यूकचे राज्य, ख्रिस्ता, तुला अर्पण असो' अशा अर्थाचे शब्द आहेत आणि त्यातल्या 'डुकाटुस' या शेवटच्या शब्दावरून ते नाव रुळले असे मानतात.

हे नाणे आपल्याकडे आले ते मिरीमुळे आणि कापडामुळे. भारतातून मिरी, मसाले, नीळ, सुती कापड तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि तिथून व्हेनिसच्या जहाजांनी युरोपात जाई. बदल्यात आपल्या बाजाराला हवे असे युरोपकडे फारसे काही नव्हते, म्हणून तफावत सोन्या-चांदीने भरावी लागे. वाटेतल्या बंदरांतही या नाण्याचा दरारा होता. इजिप्तच्या सुलतान बार्सबायने १४२५ मध्ये नवी अश्रफी पाडली, ती डुकाटच्या वजनाला धरून. पश्चिम किनाऱ्यावर उतरल्यावर तर ते परके वाटण्याचे कारणच नव्हते. दक्षिणेत चालणारा वराह किंवा होन साधारण ३.४ ग्रॅमचा. सोनाराच्या तराजूत दोन्ही जवळजवळ बरोबरीला येत, आणि कसोटीच्या दगडावर व्हेनिसची रेघ अधिक उजळ उमटे.

इथे शब्दांची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. व्हेनिसच्या टांकसाळीला 'झेक्का' म्हणत, आणि हा शब्द अरबी 'सिक्का'वरून आलेला, म्हणजे आपला सिक्का आणि शिक्का ज्या घरातला त्याच घरातला. झेक्कात पाडलेले ते 'झेक्किनो'. भारतातल्या इंग्रजांनी त्याचे 'चिक' केले आणि चार रुपयांच्या रकमेलाच चिक म्हणू लागले, कारण पुतळीचा भाव साधारण तेवढा असे. फ्रेंचांच्या तोंडून तेच नाव 'सीक्वीन' होऊन इंग्रजीत गेले. आज साडीवर किंवा लग्नाच्या ब्लाऊजवर जी चमकणारी टिकली शिवतात तिला दुकानदार सीक्वीन म्हणतो, ती हीच. नाणे गेले आणि कपड्यावर त्याची चमक राहिली. पुतळीचेही पुढे काहीसे असेच झाले, आणि मला सांगायचे आहे ते त्याबद्दल.

पुतळी हे आपल्याकडे आधी चलन होते. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीत राजाराम महाराजांसाठी लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्याची यादी आहे. तीत देवराई, अच्युतराई अशा होनांच्या जाती आहेत, मोहरा आहेत, आणि पुतळ्याही आहेत. त्या यादीतली पुतळी दागिना नव्हे, रोकड आहे. रोकड आणि दागिना यांच्यात आपल्या समाजाने कधी पक्की भिंत घातलीच नाही. वैदिक वाङ्मयातला 'निष्क' हा आधी गळ्यातला अलंकार दिसतो आणि पुढे तोच मोलाचे परिमाण होतो. पुतळीचा प्रवास उलट दिशेचा, बाजारातून गळ्याकडे.

नाण्याची माळ करायला विशेष काही लागत नाही. सोनार कडेला एक कडी डाखतो आणि पटवेकरी त्या कड्या रेशमी दोऱ्यात ओवून मागे गोंडा बांधतो. नाण्याला भोक पाडले तर सोने जाते आणि मोल उतरते, म्हणून शहाणा सोनार कडीच लावी. जुन्या डुकाटांच्या कडेला डाखाचा डाग दिसला की जाणकार ओळखतात, हे नाणे कोणाच्या तरी गळ्यात होते. या बांधणीत एक सोय होती. दोरा सोडला की एक पुतळी काढता येते आणि बाकीची माळ तशीच गळ्यात राहते. साज किंवा तोडे यांच्याबाबतीत हे जमत नाही, त्यांचा तुकडा मोडला तर दागिनाच मोडतो.

माझ्या मते पुतळीच्या माळेचा अर्थ या सोयीत आहे. चित्र कोणाचे, याने बायकांना फारसा फरक पडला नसावा. नग किती, हे मात्र प्रत्येकीला पाठ असे. आजच्या हिशेबाने एका अस्सल पुतळीचे वजन तीन मासे पाच गुंजांच्या घरात भरते. एकवीस पुतळ्यांची माळ म्हणजे सहा तोळ्यांहून अधिक शुद्ध सोने, तेही सारख्या वजनाच्या एकवीस भागांत. लिहिता न येणाऱ्या बाईला स्वतःची पुंजी बोटांवर मोजता येईल अशी दुसरी व्यवस्था त्या काळात कोणती होती? शेतजमीन तिच्या नावावर नव्हती, घर नव्हते. स्त्रीधन तेवढे होते.

स्त्रीधनाबद्दल आपण नुसता आदराने बोलतो, त्याचे नियम पाहत नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत स्पष्ट सांगितले आहे की दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि कैद किंवा अडवणूक अशा प्रसंगी नवऱ्याने बायकोचे धन घेतले तर परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली आणि महाराष्ट्रात इंग्रजी न्यायालयांपर्यंत तिचे वजन राहिले. म्हणजे धन बाईचे, पण चार दारे आधीच उघडी ठेवलेली. आणि संसारात या चार दारांबाहेरचा प्रसंग तो कुठला येतो? घरोघरी फिरताना मी माळेतल्या पुतळ्या मोजतो, आणि संख्या विषम किंवा विचित्र आली की विचारतो, बाकीच्या कुठे गेल्या? उत्तरे बहुधा तयार असतात. दोन प्लेगात गेल्या. एक विहिरीला गेली. बहात्तरच्या दुष्काळात चार गेल्या, बैलांच्या वैरणीला. एक धाकट्या दिराच्या इंजिनीअरिंगच्या फीला. एका घरात उत्तर देणाऱ्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "ती सासूबाईंनी कोणाला न सांगता काढली होती. माहेरी भावाला दिली." या उत्तराचा मला फार आनंद झाला. आठवणीतल्या सगळ्या पुतळ्यांत स्वतःच्या मनाने काढलेली तेवढी एकच होती.

सोने नसलेल्या घरांतही हीच व्यवस्था होती, धातू वेगळा. १८३५ नंतर कंपनी सरकारचा रुपया एकसारखा झाला, बरोबर एक तोळा वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. मग राणीछाप रुपये, अधेल्या, पावल्या गळ्यात आल्या. बंजारा बायांच्या पोशाखावर नाणी आजही दिसतात. त्याला आपण 'लोककला' म्हणून मोकळे होतो. ती बँक होती.

आता नकलेविषयी. व्हेनिसची नाणी येणे अठराव्या शतकाअखेर आटले, पण मागणी आटली नाही. खरे तर नकला त्याआधीपासून आपल्याकडे होत होत्या. नाणेसंग्रहांत अशा भारतीय पुतळ्या पाहायला मिळतात आणि त्या बघण्यासारख्या आहेत. ठसा कोरणाऱ्याला लॅटिन येत नव्हते, येण्याचे कारणही नव्हते. अक्षरे काड्या आणि ठिपके झाली. गुडघे टेकलेला डोजे हळूहळू उठून उभा राहिला आणि संताच्या बरोबरीला आला, दोघांचे चेहरे सारखे झाले, मधली निशाणाची काठी एखाद्या दीपमाळेसारखी झाली. आजींना नवराबायको दिसतात ते या रूपामुळे. केरळात तर या नाण्याला 'शाणार काशू' म्हणत, म्हणजे माडी काढणाऱ्याचे नाणे. तिथल्या लोकांना काठी धरलेला डोजे माडावर चढणारा शाणार वाटला. प्रत्येकाने आपल्या अंगणातले माणूस त्यात पाहिले.

या नकलांना काही अभ्यासक 'बनावट' म्हणतात. मला ते पटत नाही. सोने चोख आणि वजन पुरे असेल तर फसवणूक कोणाची झाली? न वाचता येणारी अक्षरे कारागिराने मुद्दाम ठेवली, कारण गिऱ्हाईक तीच खूण ओळखत होते. आज हॉलमार्कचा बारीक छाप भिंगाशिवाय कोण वाचतो? तो आहे एवढे बघतो आणि पैसे देतो. नाण्याची नक्कल घालण्याची दख्खनची सवयही जुनीच आहे. सातवाहन काळातल्या कोंडापूरसारख्या ठिकाणी रोमन नाण्यांचे छाप घेतलेल्या मातीच्या चकत्या सापडल्या आहेत, अडकवण्यासाठी भोक किंवा कडी असलेल्या. रोमन सम्राटाचे सोने परवडले नाही तर त्याचे मातीतले तोंड गळ्यात.

पुतळीचा खरा बदल चित्र बदलल्याने झाला नाही, जाडी बदलल्याने झाला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी गिनी आली, आठ ग्रॅमची, बावीस कॅरटची, आणि रोख सोने म्हणून तिने पुतळीची जागा घेतली. पैसेवाल्या घरांत गिन्यांची माळ झाली. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, तर मुंबईच्या टांकसाळीतच गिन्या पडत होत्या. पुतळी त्यामुळे चलनातून मोकळी झाली आणि नुसता दागिना झाली. नाणे म्हणून तिने काही विशिष्ट वजन भरलेच पाहिजे असे आता राहिले नाही. मग सोनाराने पातळ पत्रा घेतला, तो ठशावर ठेवून वरून ठोकला, चित्र उमटले, कड कातरली, कडी लावली. कधी मागून दुसरा पत्रा जोडून मध्ये लाख भरली. काही गुंजांत पुतळी तयार. माळ दिसायला पूर्वीइतकीच भरघोस, उलट अधिक, कारण आता पन्नास-साठ नग लावणेही परवडू लागले.

यात कारागिराचा दोष नाही. त्याच्यावर काय काय आले हेही पाहायला हवे. चीन युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंच्या अर्थखात्याने सुवर्ण नियंत्रण आणले आणि चौदा कॅरटहून चोख सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली. चौदा कॅरट म्हणजे शेकडा ५८ भाग सोने. पाचशे वर्षे चोखपणावर चाललेली पुतळी त्या नियमात बसणे शक्यच नव्हते. कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९६८ पासून १९९० पर्यंत राहिला. मधल्या काळात कितीतरी सोनारांनी एरण-हातोडी ठेवून दुसरी कामे धरली. ठसे भंगारात गेले. नंतर मालिकांतल्या पेशवाईने पुतळीहार परत आणला, पण तो यंत्रावर छापलेला, बहुतेक लक्ष्मीचे चित्र असलेला. तुळशीबागेत तो पितळेवर मुलामा देऊनही मिळतो आणि नऊवारीवर छान दिसतो. हौसेला माझी हरकत नाही. फक्त त्याला 'आजीच्या काळचा' म्हणताना आजीकडे काय होते ते ठाऊक असावे. तिच्याकडे सहा तोळे होते, आणि एका वेळी एक काढता येत होता.

जुन्या यादींत दागिन्यांपुढे नग लिहिलेले असत, 'पुतळ्या नग' आणि पुढे आकडा. आजच्या पावतीवर ढोबळ वजन, निव्वळ वजन, मजुरी आणि कर असतो.

माझी वाचकांना एक विनंती आहे. घरात जुनी माळ असेल आणि ती मोडीत घालायचे ठरत असेल, तर सोनाराकडे जाण्याआधी एकेक पुतळी उन्हात धरून बघा. दोन्ही बाजूंना चित्र आहे का? एका बाजूला अंडाकृती चौकट आणि तारे दिसतात का? मधल्या काठीच्या बाजूला वरून खाली लिहिलेली अक्षरे आहेत का, आणि ती अक्षरे आहेत की नुसत्या काड्या? सोनाराच्या काट्यावर एकच नग स्वतंत्र तोलून घ्या. साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरला तर तो वितळवू नका. निदान दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागे वहीत लिहून ठेवा, माळ कोणाची होती, किती नग होते, आणि कमी झालेले कधी, कशासाठी गेले. मूस तापली की पहिल्या दोन गोष्टी जातात. तिसरी तर बहुधा घरातल्या एकाच म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असते, तेव्हा ती आधी विचारून घ्या.