सुट्या भागांची रायफल

मोडीत काढलेल्या लष्करी रायफलीच्या भागांचा संच घेऊन खासगी वापरासाठी जुळवलेली अर्धस्वयंचलित रायफल. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतला. तेथील १९६८ च्या कायद्याने बोल्ट व चापाची यंत्रणा सामावणारा रिसीव्हर म्हणजेच बंदूक ठरते. म्हणून परदेशी एफएएल किंवा एकेएम रायफलींचे संच सहसा रिसीव्हर ज्योतीने कापूनच विकले जातात, तर २००५ पासून लष्करी नळ्यांची आयातही बंद आहे. संच स्वस्त दिसतो खरा. पण नवा रिसीव्हर व नळी हवीच, शिवाय तेथील नियमांच्या यादीतल्या २० भागांपैकी आयात केलेले १० पेक्षा जास्त चालत नसल्याने उरलेले अमेरिकी बनावटीचे घ्यावे लागतात. अवजारे आणि कारागिराची मजुरी धरली, की बचतीचा दावा बहुधा टिकत नाही.

जुळणीतून शस्त्राची खरी ओळख होते, हा हौशी मंडळींचा युक्तिवाद मात्र रास्त आहे. तरीही बंद बोल्ट आणि काडतूस टेकते ती जागा यांतले अंतर जास्त राहिले, तर काडतुसाची पितळी पुंगळी फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. हे अंतर गेजने तपासून, चाचणीच्या फैरी झाडून हमी देणाऱ्या कारखान्याची रायफलच बहुतेकांसाठी योग्य. अमेरिकेत फक्त रिसीव्हर बंदूक ठरत असला, तरी भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीचे सुटे भागही शस्त्रांतच मोडतात.