बोटांची घडण आणि रचनांची निवड

पियानोच्या आठव्या ग्रेडचा अर्ज भरण्याचे दिवस जवळ आले की आपल्या कॅथलिक घरांतून एक ठरलेला वाद सुरू होतो. कोणत्या रचना घ्यायच्या? मुंबईतल्या वांद्र्या-माहीमपासून गोव्यातल्या मडगावपर्यंत अनेक कुटुंबांत मुलांना ह्या परीक्षांना बसवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्यामुळे आजी, आई आणि मुलगी अशा तिघींचीही त्यात मते असतात. घरच्यांचा ओढा ऐकणाऱ्याला दिपवून टाकील अशा रचनेकडे असतो. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आधी बोटे तयार होऊ द्या. मुलगी बिचारी दोघांच्या मध्ये सापडते आणि वर्षभर सकाळ-संध्याकाळ स्केल्स घोटत बसते.

हा वाद आपल्या घरांत जन्मलेला नाही. बोटे आधी की संगीत आधी, हा प्रश्न युरोपात दोन शतकांहून अधिक काळ गाजतो आहे. अवघड परीक्षेसाठी रचना निवडताना त्या इतिहासाची ओळख असलेली बरी, असे आम्हांला वाटते. कारण परीक्षार्थीच्या पुस्तकपेटीत बाख, चेर्नी, हानोन आणि शोपँ शेजारी शेजारी बसलेले असले, तरी त्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही.

आरंभ बाखपासूनच करावा लागतो. १७२० साली योहान सेबास्टियन बाखने आपल्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी, एक वही घातली. मुलगा त्या वेळी नऊ वर्षांचा होता. त्या वहीत बोटे कोणती वापरावीत हे दाखवणारा एक छोटा धडा आहे, आणि पुढे ‘इन्व्हेन्शन्स’ ह्या नावाने जगभर गेलेल्या दोन स्वरधारांच्या रचनाही त्यातच प्रथम उतरल्या. १७२३ साली त्यांची नेटकी प्रत करताना बाखने मुखपृष्ठावर आपला हेतू सांगितला आहे : दोन स्वरधारा स्वच्छ वाजवता याव्यात, मग तीन, चांगल्या कल्पना सुचाव्यात आणि त्या फुलवता याव्यात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाजवणे गाण्यासारखे व्हावे. पियानो तेव्हा अजून घरोघर पोचलेला नव्हता, हा सारा खटाटोप जुन्या पट्टीवाद्यांवरचा होता. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की बोटांचा व्यायाम वेगळा आणि संगीत वेगळे ही फारकतच तिथे नाही. मुलगा जी रचना वाजवतो, तिच्यातच त्याची बोटे घडतात.

फारकत झाली ती पुढच्या शतकात. तिची सुरुवात मात्र मोठ्या सन्मानाने झाली. १७२५ साली व्हिएन्नाच्या राजदरबारातील संगीतप्रमुख योहान योसेफ फुक्स ह्याने स्वरधारांच्या गुंफणीवर एक लॅटिन ग्रंथ लिहिला, ‘ग्रादुस आद पार्नासुम’, म्हणजे पार्नासस पर्वताच्या पायऱ्या. तो गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे आणि त्यातला गुरू म्हणजे दुसरातिसरा कोणी नसून आपल्या पवित्र मिस्सासंगीताचा महामेरू पालेस्त्रीना. हेच नाव जवळजवळ शंभर वर्षांनी मुत्सिओ क्लेमेन्तीने उचलले. क्लेमेन्ती मूळचा रोमचा, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आतच तिथल्या एका चर्चमध्ये ऑर्गनवादक झालेला, आणि पुढे लंडनमध्ये वादक, प्रकाशक व पियानोचा कारखानदार म्हणून नावारूपास आलेला. त्याच्या ‘ग्रादुस’चे तीन खंड १८१७ ते १८२६ ह्या काळात निघाले. त्यात शंभर रचना आहेत आणि त्यांत फ्यूगही आहेत. म्हणजे क्लेमेन्तीला अजून बोटे आणि बुद्धी एकाच पायरीवर हवी होती. नंतरच्या संपादकांनी त्यातल्या बोटांच्या कसरतींच्या रचना तेवढ्या वेचून काढल्या आणि बाकीच्या बाजूला सारल्या. आज विद्यार्थ्याच्या हाती बहुधा तीच निवड पडते.

कार्ल चेर्नीच्या वाट्याला तर टीकेखेरीज काही आले नाही. हा मनुष्य लहानपणी बेथोव्हेनचा शिष्य होता आणि मोठेपणी लिस्टचा गुरू. त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की बेथोव्हेनने पहिल्या धड्यांत त्याच्याकडून सर्व स्केल्स करून घेतल्या, हाताची ठेवण आणि विशेषतः अंगठ्याचा वापर शिकवला, आणि मग एका स्वरातून दुसऱ्या स्वरात न तुटता जाण्यावर भर दिला. चेर्नीच्या गतीच्या अभ्यासरचना ह्या शिकवणीतूनच आल्या आहेत. त्याच्या रचनांचे क्रमांक आठशेच्या पुढे जातात, त्यात पवित्र संगीतही आहे, पण जगाने त्याला बोटांचा कवायतमास्तर म्हणूनच लक्षात ठेवले. हे आम्हांला अन्यायाचे वाटते. चेर्नीच्या पानावर निदान सुरावटीचे वळण असते, वाक्य कुठे संपते ते कळते.

खरी कवायत यंत्रांबरोबर आली. १८१४ साली योहान बर्नहार्ड लोजिए ह्या शिक्षकाने ‘कायरोप्लास्ट’ नावाच्या एका चौकटीचे पेटंट घेतले. ती पट्ट्यांपुढे बसवायची, तिच्यात हात अडकवायचे, म्हणजे मनगट हलू नये आणि प्रत्येक बोट आपल्या जागी राहावे. पॅरिसचा नामांकित वादक काल्कब्रेनर ह्यानेही हाताला आधार देणाऱ्या दांडीचा पुरस्कार केला. बोटे स्वतंत्र आणि सारख्या ताकदीची झालीच पाहिजेत, हा ह्या सगळ्यामागचा विश्वास. तरुण रॉबर्ट शूमाननेही असेच एक साधन वापरले होते; १८३०नंतरच्या एकदोन वर्षांत त्याच्या उजव्या हाताचे एक बोट निकामी झाले आणि वादक होण्याचे त्याचे स्वप्न विरले. दोष त्या साधनाचाच होता की दुखण्याचा, ह्यावर जाणकारांत आजही एकमत नाही.

ह्या विश्वासाचे सर्वांत टिकाऊ अपत्य म्हणजे शार्ल-लुई हानोनचे ‘साठ व्यायाम’, प्रकाशन १८७३. हानोन उत्तर फ्रान्समधला एक धर्मनिष्ठ कॅथलिक आणि ऑर्गनवादक होता. संगीताचे विशेष शिक्षण नसलेल्यांनाही चर्चमधील लॅटिन गायनाला साथ करता यावी म्हणून त्याने एक पद्धती तयार केली होती. साठ व्यायामांमागेही तीच परोपकारी वृत्ती असावी. एकच नमुना पांढऱ्या पट्ट्यांवरून एकेक स्वर सरकत वर न्यायचा आणि खाली आणायचा, बोटे उंच उचलायची. एकदा बसले की संपूर्ण पुस्तक तासाभरात वाजवून होते, असे तो प्रस्तावनेत सांगतो. पण कान तिथे काय करतो? काही नाही. मूल व्यायाम वाजवता वाजवता खिडकीबाहेर पाहू शकते, आणि पाहतेच.

ह्याला शोपँने दिलेले उत्तर हानोनच्या पुस्तकापेक्षा चाळीस वर्षे जुने आहे. १८३१ साली तो पॅरिसला आला तेव्हा काल्कब्रेनरने त्याला तीन वर्षे शिकवण्याची तयारी दाखवली होती. शोपँने नम्रपणे नकार दिला. त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या पद्धतिग्रंथाच्या टिपणांत त्याचे मत स्पष्ट दिसते : प्रत्येक बोटाची घडण वेगळी आहे, ती सारखी करण्यापेक्षा प्रत्येकाचा स्वतःचा स्पर्श जोपासावा. म्हणून तो शिष्यांना सी मेजर नव्हे, तर बी मेजरची स्केल आधी देई. कारण तिच्यात लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटे पांढऱ्यांवर आपोआप पडतात. जी स्केल वाचायला सर्वांत सोपी, ती हाताला सर्वांत अवघड! दिवसाला तीन तासांहून अधिक सराव त्याला मान्य नव्हता. १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या बारा एत्यूदांत तंत्राची एकेक अडचण घेतलेली आहे, पण प्रत्येक एत्यूद संपूर्ण संगीतही आहे. आणि मैफलीपूर्वी तो आपल्या रचना घोटत बसत नसे, बाख वाजवत असे, असे त्याच्या एका शिष्याने नमूद केले आहे.

आता परीक्षांकडे येऊ. आपल्याकडे परिचित असलेल्या दोन संस्थांपैकी ट्रिनिटीचा उगम १८७२ साली चर्चमधील समूहगायन सुधारण्यासाठी निघालेल्या मंडळातून झाला, ही गोष्ट आपल्या गायनवृंदांना ऐकायला आवडेल. तिच्या बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या परीक्षा १८७७ पासून सुरू झाल्या. लंडनच्या दोन रॉयल संगीतसंस्थांनी मिळून असोसिएटेड बोर्ड स्थापले ते १८८९ साली. ह्या परीक्षांनी बाखची आणि चेर्नीची अशी दोन्ही मते एका छत्राखाली आणली : स्केल्स वेगळ्या, रचना वेगळ्या. बोर्डाच्या पारंपरिक परीक्षेत एकूण गुण १५०, त्यांतले ९० तीन रचनांना, २१ स्केल्सना, २१ पाहताक्षणी वाजवण्याला आणि १८ कानाच्या चाचणीला; उत्तीर्ण होण्यास १०० हवेत. २०२० साली, महामारीच्या वर्षी, बोर्डाने चार रचनांची चित्रफीत पाठवून देण्याची दुसरी वाट उघडली, तिच्यात स्केल्स नाहीतच. हे पाहून काही पालकांनी स्केल्सना रामराम ठोकला. गुणांचा हिशेब म्हणून तो बरोबर असेलही. पण मोत्सार्ट वा बेथोव्हेनच्या सोनाटाचे कोणतेही पान उघडावे : अर्धे पान स्केल्स आणि तुटक स्वरसंघांनीच भरलेले असते. वगळलेली स्केल त्या पानावर वाट अडवून उभी राहते.

रचना तीन गटांतून घ्याव्या लागतात. पूर्वी पियानोचे हे गट ढोबळपणे काळानुसार असत, जुन्या फ्यूगांचा, सोनाटांचा आणि नंतरच्या संगीताचा. २०२१च्या अभ्यासक्रमापासून बोर्डाने पहिल्यात चपळाई, दुसऱ्यात गेयता आणि तिसऱ्यात विविधता असे धोरण ठेवले. नेमकी यादी दरवेळी तपासावी. पण निवडीची कसोटी गटांहून जुनी आहे.

बेथोव्हेनची ‘पाथेतिक’ सोनाटा घेऊ, कारण हट्ट बहुधा तिचाच असतो. पहिल्या भागात डावा हात पानेच्या पाने अष्टकातले दोन टोकांचे स्वर आळीपाळीने थरथरत वाजवतो. करंगळी आणि अंगठा ताठ ठेवून हे करू गेल्यास आठ-दहा मात्रांतच कोपरापर्यंतचा हात लाकडासारखा होतो आणि उजव्या हातातली सुरावट त्याच्याबरोबर बुडते. हानोनचे साठही व्यायाम इथे कामास येत नाहीत, कारण अडचण बोटांची नाहीच. कुलपात किल्ली फिरवावी तसा कोपरापासून पुढचा हात डावी-उजवीकडे वळला पाहिजे, अंगठा हलका पडला पाहिजे. एका ठोक्यापुरते वाजवून हात सैल सोडायचा, मग दोन ठोके, मग चार. ह्यास महिने लागतात. हे महिने हाताशी असतील, तर रचना अवश्य घ्यावी. परीक्षा तीन महिन्यांवर असेल आणि हाताला अष्टक जेमतेम पुरत असेल, तर त्याच बेथोव्हेनच्या चौदाव्या क्रमांकातील पहिल्या सोनाटाचा आरंभ घ्यावा. तो कमी गाजतो, परंतु त्यात लपायला जागा नाही, आणि परीक्षकाला मुलीचा कान ऐकू येतो.

फ्यूगचे उलट आहे. घरच्यांना तो कोरडा वाटतो, म्हणून टाळला जातो. मात्र तंत्र म्हणून त्याच्याइतके देणारे दुसरे काही आम्हांला माहीत नाही. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या पहिल्या भागातला, १७२२ सालचा, सी मायनरमधला तीन धारांचा फ्यूग घ्यावा. एक धार तोंडाने गावी आणि उरलेल्या दोन वाजवाव्यात. मग गाण्याची धार बदलावी. मधली धार गाताना बहुतेकांची गाडी अडते, कारण ती उजव्या हातातून डाव्यात आणि पुन्हा उजव्यात जात असते आणि ती कोणत्या बोटाने धरून ठेवायची हे आधी ठरवलेले नसते. तिथे पेन्सिल घेऊन प्रत्येक स्वरावर बोटाचा आकडा लिहावा, आणि परीक्षेच्या दिवसापर्यंत तो बदलू नये. आपल्या पुतण्याला शिकवणाऱ्या चेर्नीला बेथोव्हेनने पत्रातून हाच क्रम कळवला होता : आधी बोटे, मग लय, मग स्वर, आणि एवढे जमले की बारीकसारीक चुकांसाठी मुलाला मध्येच थांबवू नये, रचना संपल्यावर सांगावे.