परमिट रूमच्या पडद्याआडचं जेवण

पोस्ट मोठी आहे. रात्रीची जेवणं उरकली की निवांत वाचा.

१४ जुलै २०२५ चा सोमवार. करवाढीविरोधात राज्यातल्या हॉटेल-बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला होता, आमच्या गावातल्यांनीही पाळला. मी दुपारीच बातमी पाठवून मोकळा झालो. बंद शांततेत, निवेदन दिलं, सोबत फोटो. नेहमीचा साचा. खरी बातमी मला रात्री साडेनऊला एसटी स्टँडवर दिसली आणि ती मी पाठवलीच नाही. मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर आणि कंडक्टर बाकावर बसून बिस्किटाचा पुडा फोडून खात होते. ग्रामीण रुग्णालयात पेशंट असलेले दोघं वाडीवरचे नातेवाईक "जेवण कुठं मिळंल हो?" असं विचारत फिरत होते. वडापावची गाडी आठलाच गेलेली. स्टँडचं उपाहारगृह संध्याकाळीच शटर ओढतं.

दारू मिळाली नाही म्हणून कुणी उपाशी झोपत नाही. पण त्या रात्री बार बंद होते म्हणून आमच्या गावात चार माणसं नीट जेवली नाहीत. माझ्या डोळ्यांसमोरची चार, बाकीची मोजायला मी गेलो नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. तालुक्याच्या गावात रात्री नऊनंतर बसून गरम भाकरी खायची असेल, तर परमिट रूमच का लागते? गावाचं रात्रीचं जेवण दारूच्या लायसनला कुणी आणि कधी बांधलं? शोधत गेलो तर गोष्ट बरीच मागं गेली.

इंग्रजांच्या काळात दारू आणि जेवण यांचा फारसा संबंध नव्हता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळणं आणि विकणं सरकारी मक्त्याच्या मुठीत आणलं. मोहाची आणि ताडी-माडीची घरगुती परंपरा हळूहळू गुन्हा ठरत गेली. दारूचा गुत्ता असायचा गावाच्या कडेला. माणूस तिथं प्यायचा आणि जेवायला घरी यायचा, निदान यावा अशी अपेक्षा असायची. बाहेर जेवायचं ते खानावळीत. खानावळ म्हणजे महिन्याच्या बोलीवर जेवणाऱ्या एकट्या पुरुषांची सोय: शाळामास्तर, कारकून, गिरणी कामगार. थोडक्यात, गुत्ता वेगळा आणि खानावळ वेगळी.

मग दारूबंदी आली. १९३७ ला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार आलं. त्यातले आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर हे हृदयरोगाचे नावाजलेले डॉक्टर, पारशी समाजाचे. त्यांच्या पुढाकारानं १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. दारूच्या धंद्यात पारशी बरेच होते, त्यामुळे स्वतःच्या समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला. नोव्हेंबरात सरकारनं राजीनामा दिला आणि तो प्रयोग तिथंच विस्कटला.

स्वातंत्र्यानंतर तो पुन्हा हाती घेतला मोरारजी देसाई गृहमंत्री असताना. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. पुढं ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी. त्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं, पण १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं कायद्याचा बहुतेक भाग कायम ठेवला. आपल्या विषयाची गाठ या कायद्यात आहे. यात दारू पिणं हा गुन्हा, पण ज्याच्याकडं परमिट आहे त्याला सूट. परमिट कुणाला? ज्याला प्रकृतीसाठी दारू लागते त्याला, परदेशी पाहुण्याला, अशा ठराविक लोकांना. म्हणजे पिणारा हा कायद्याच्या नजरेत एक प्रकारचा पेशंट झाला.

पेशंटनं औषध चारचौघांत घ्यायचं नसतं. त्यासाठी वेगळी खोली लागते. 'परमिट रूम' हा शब्द आपण रोज पाटीवर वाचतो, पण त्याचा अर्थ एवढाच: परमिट असलेल्यांनी बसायची खोली. इतरांच्या नजरेआड.

बंदी किती पाळली गेली ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत आंटीचे अड्डे उभे राहिले. चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या घरात आतल्या खोलीत दोन बाकडी, हातभट्टीची दारू, फार तर उकडलेली अंडी आणि शेंगदाणे. पोलीस कधीही येतील म्हणून गिऱ्हाईक घाईत प्यायचं आणि सटकायचं. आपल्याकडची 'चखणा' नावाची गोष्ट मला या घाईचीच लेक वाटते. पोट भरायला वेळ नसलेल्या माणसाचं ते खाणं. हा माझा अंदाज आहे, पण अड्डा पाहिलेल्या जुन्या माणसांना विचारून बघा.

१९६४ च्या सुमाराला वसंतराव नाईकांच्या सरकारनं बंदी बरीच सैल केली. कायदा रद्द केला नाही. आजही आपल्याकडं दारूबंदीचाच कायदा आहे आणि त्याच्याखाली दारूची लायसन दिली जातात. परमिट मिळवणं मात्र सोपं झालं. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. साखर कारखाने वाढत होते, मळी मुबलक होती, मळीपासून दारू बनत होती. आमच्या भागात ऊस, कारखाना आणि देशीचं दुकान ही तिन्ही माझ्या आजोबांच्या पिढीनं डोळ्यांसमोर वाढताना पाहिली.

इथून पिणाऱ्यांचे दोन वर्ग पडले. देशीच्या दुकानात उभ्यानं किंवा बाकड्यावर प्यायची आणि बाहेर गाड्यावर भुर्जी-पाव खायचा. तिथं येतो रोजंदारीवाला. परमिट रूमला मात्र टेबल-खुर्ची, वेटर आणि किचन. मुंबईत कित्येक उडपी हॉटेलांनी इडली-डोशाच्या जोडीला हे लायसन घेतलं. तालुक्याच्या गावांत खानावळवाल्यांनी घेतलं. आमच्या स्टँडसमोरचा बार आधी साधी खानावळ होता. मालकाचे वडील स्वतः ताटं वाढायचे. ऐंशीच्या दशकात लायसन आलं, दारात जाड पडदा आला, खिडक्यांना काळा कागद लागला. स्वयंपाकी तोच, तव्यावरची भाकरी तीच. तांबडा रस्सा, सुकं मटण, अख्खा मसूर, पिठलं, सगळं तसंच राहिलं. बदलला तो आत येणारा माणूस.

मी मालकाला विचारलं, "जेवणावर हॉटेल चालत नाही का?" तो हसला. म्हणाला, "पत्रकारसाहेब, गॅस, तेल, मटण, कामगार, सगळ्याचा भाव बघा. अख्खा मसूरच्या ताटात काय सुटणार? जेवण चांगलं म्हणून माणूस बसतो, आणि बसला म्हणून दुसरी क्वार्टर मागवतो. किचन बारला ओढतंय आणि बार किचनला."

या एका वाक्यात गावाच्या रात्रीच्या जेवणाचं अर्थशास्त्र आलं. आपण जे ताट स्वस्तात खातो, त्याचा काही भाग शेजारच्या टेबलावरच्या पिणाऱ्यानं भरलेला असतो. म्हणूनच दारू नसलेलं हॉटेल आमच्याकडं टिकत नाही. दोघांनी प्रयत्न केला. एकानं सहा महिन्यांत शटर ओढलं, दुसरा आता फक्त लग्नाच्या ऑर्डरी घेतो.

हेच जेवण पडद्याशिवायही होऊ शकतं, हे बघायला फार लांब जावं लागत नाही. बांद्याच्या पुढं पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथं पोर्तुगीज होते, त्यामुळे १९४९ चा आपला कायदा त्या बाजूला कधी गेलाच नाही. गावातल्या तावेर्नाची खिडकी रस्त्याकडं उघडी. बार अँड रेस्टॉरंटमध्ये एका टेबलावर कुणी फेणी घेतोय आणि पलीकडं आजी, सून, नातवंडं शीत-कढी आणि तळलेला बांगडा खातायत. कुणी कुणाकडं वळून बघत नाही. गोव्यात दारूनं घरं बुडत नाहीत असं मी म्हणत नाही, तिथंही बुडतात. पण जेवायला आलेल्या बाईला तोंड लपवावं लागत नाही, हा फरक मोठा आहे.

आपल्याकडं यावर तोडगा निघाला तो 'फॅमिली रूम'चा. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला पडदा, मागच्या बाजूनं वेगळं दार. म्हणजे आधी पिणाऱ्याला पडद्याआड बसवलं होतं, आता जेवणाऱ्या कुटुंबाला. महिलांनी परमिट रूममध्ये जेवू नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पण ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर रात्री दहाला एकटी तिथं जाऊन भाकरी मागू शकेल का? तुम्हीच सांगा.

मधे २०१७ साल आलं. १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला. वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावांसाठी हे अंतर पुढं २२० मीटर केलं. १ एप्रिल २०१७ पासून अंमलबजावणी. अपघात थांबावेत हा हेतू चांगलाच होता. पण आमचं गाव महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी पसरलेलं. बार बंद झाले आणि त्यांच्याबरोबर चुलीही विझल्या. तेव्हाही ट्रकवाले आणि एसटीवाले उपाशीच राहिले असणार, पण आम्ही पत्रकारांनी बातम्या दिल्या त्या महसूल किती बुडाला याच्या. पुढं त्याच वर्षी शहरहद्दीतली सक्ती कोर्टानं सैल केली आणि पडदे पुन्हा लागले.

आता दुसरी बाजू. ती न लिहिता ही पोस्ट टाकली तर तो खोटेपणा होईल. २००८ च्या शासन निर्णयानुसार गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी कौल दिला तर दारूचं दुकान बंद करता येतं. उभी बाटली, आडवी बाटली. जवळच्या एका गावातलं असं मतदान मी दिवसभर उभं राहून बघितलंय. हातातलं काम टाकून, लेकरू काखेत घेऊन बायका रांगेत होत्या. कुणाच्या नवऱ्यानं जमीन घालवली होती, कुणाचा पोरगा पंचविशीत गेला होता. माझ्या वर्गातला, माझ्याच बाकावर बसणारा दोस्त चाळिशी गाठायच्या आत लिव्हर जाऊन वारला. त्याच स्टँडसमोरच्या बारमध्ये आम्ही कितीदा एकत्र जेवलो होतो. त्यामुळे 'बार वाचवा' असं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. बाटली आडवी करणाऱ्या बायांचा हक्क मला शंभर टक्के मान्य आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. बार राहो किंवा जावो, रात्रीचं जेवण ही गावाची गरज आहे आणि ती आपण पंच्याहत्तर वर्षं दारूच्या भरवशावर सोडलीय. सरकारनं २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली, चांगलं केलं. पण ती वेळ दुपारची. रात्रीच्या पोटाचा विचार कुणी केला? गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ते मुंबईत घडू शकलं, तर आमच्या नगरपालिकेचे स्टँडलगतचे जे गाळे वर्षानुवर्षं कुलूपबंद आहेत, त्यातला एक गाळा बचत गटाला रात्री अकरापर्यंतच्या खानावळीसाठी कमी भाड्यात देता येणार नाही का? पिठलं-भाकरी, अख्खा मसूर, भात. दरवाजा उघडा, दिवा लख्ख. बारच्या पैशाचा टेकू नसेल तर भाड्याचा टेकू पालिकेनं द्यावा. नगरसेवक मंडळी ही पोस्ट वाचतात, हे मला माहीत आहे.

शेवटी घरचं सांगतो. त्या बारमधला अख्खा मसूर माझ्या आईला फार आवडतो. पंधरा-वीस वर्षं मी तो पार्सल नेतोय. मीठ जास्त पडलं की ती घरी बसून ओळखते, "आज नवा स्वयंपाकी दिसतोय." पण ते हॉटेल आतून कसं आहे, हे तिला माहीत नव्हतं. काही वर्षांपूर्वी २ ऑक्टोबरला, ड्राय डे म्हणून, मालकानं पडदा बाजूला बांधून ठेवला होता आणि फक्त जेवण चालू होतं. मी आईला घेऊन गेलो. ती पदर सावरून खुर्चीच्या कडेला बसली. गरम भाकरी आली, वाटीत मसूर आला, वर कच्चा कांदा. अर्धी भाकरी झाल्यावर नीट टेकून बसली आणि इकडंतिकडं बघत म्हणाली, "चांगलंय की रे. गरम गरम वेगळंच लागतं. इतकी वर्षं मी गारच खात होते होय?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथून गेलो तेव्हा पडदा परत लागलेला होता.

तुमच्या गावात रात्री नऊनंतर एकटी बाई बसून जेवू शकेल असं ठिकाण आहे का? असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. नसेल तर तेही लिहा. यादी घेऊन मी नगरपालिकेत जाणार आहे.